घाटाचा गिअर

हुबळी-धारवाडच्या वाहतुकीचा इतिहास सहसा रेल्वेपासून सांगितला जातो. सदर्न मराठा रेल्वेचे मुख्यालय धारवाडला होते आणि हुबळीचा रेल्वे कारखाना एकोणिसाव्या शतकातला, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. पण इथल्या रस्त्याचा इतिहास समजून घ्यायचा तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. हुबळीहून पश्चिमेला कलघटगी आणि यल्लापूर ओलांडले की आरबैल घाट उतरून रस्ता अंकोल्याला समुद्राजवळ पोहोचतो. पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून माल भरलेली गाडी खाली नेणे हे या वाटेवरच्या चालकाचे खरे काम. बल्लारीकडचे लोहखनिज बंदराकडे नेणारे ट्रकही याच वाटेने उतरले. गेल्या पाऊणशे वर्षांत गिअर बदलण्याचे कौशल्य चालकाच्या हातातून यंत्रात गेले, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. मात्र कोणता गिअर कधी हवा, हा निर्णय चालकाकडेच राहिला. आपण या दोन गोष्टी एकच मानल्या आणि पहिलीबरोबर दुसरीही शिकवायची सोडली.

मुंबई प्रांताची एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली, ती बेडफर्ड गाड्यांनी. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथली सार्वजनिक बससेवाही याच व्यवस्थेतून वाढली. त्या पिढीतल्या अवजड गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये सरळ दात्यांची चक्रे दांड्यावर सरकवून एकमेकांत बसवावी लागत. दोन्ही चक्रांचा वेग जुळला नाही की दात खरखरत आणि गिअर पडत नसे. समजा, तिसऱ्या गिअरचे प्रमाण १.६ आणि दुसऱ्याचे २.५ आहे. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर तिसऱ्यात इंजिन १६०० फेरे घेते; दुसरा टाकायचा तर ते २५०० वर न्यावे लागते. म्हणून क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडून रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. हाच डबल क्लच. सपाटीवर तो चुकला तर फक्त आवाज होई. उतारावर चुकला तर गाडी न्यूट्रलमध्ये राही, इंजिनाचा रोध सुटे, वेग वाढे आणि वाढलेल्या वेगाला खालचा गिअर जुळवणे आणखी कठीण होई. ‘ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर’ हा घाटातला नियम या यंत्रशास्त्रातून आला आहे.

यावरचा उपाय परदेशात आधीच निघाला होता. १९२८ च्या कॅडिलॅक मोटारीत सिंक्रोमेश आला. यात चक्रे कायम एकमेकांत गुंतलेली असतात. गिअर टाकताना आधी एक शंकूच्या आकाराची कडी घर्षणाने वेग जुळवते, मग जोड बसतो. चक्रे सरकवावी लागत नसल्याने दात तिरपे कापता आले आणि आवाजही कमी झाला. आपल्याकडे हा बदल टप्प्याटप्प्याने पोहोचला. विलीज जीपला वरच्या दोन गिअरांना सिंक्रो होता, पहिल्याला नव्हता. अ‍ॅम्बॅसॅडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट यांचाही पहिला गिअर तसाच होता, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नये अशी शिकवण होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढचे सगळे गिअर सहज पडू लागले. बहुतेक मोटारींचा रिव्हर्स मात्र अजून सरळ दात्यांचाच असतो. मागे घेताना येणारा तो बारीक सूर जुन्या गिअरबॉक्सचा अवशेष आहे.

सिंक्रोने चालक आळशी झाले, असे काही जुनेजाणते म्हणतात. ते मला पटत नाही. घाटात प्रवाशांचा जीव एका हाताच्या अचूकतेवर टांगलेला असणे ही अभिमानाची गोष्ट नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुन्या गाड्यांचे ब्रेकच कमजोर होते, आता ते सुधारले, तर गिअरचा एवढा विचार कशाला? पण ब्रेक कितीही चांगला असला तरी गाडीची गती तो उष्णतेतच बदलतो. लांब उतारावर सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि त्याची पकड कमी होते. खालच्या गिअरमध्ये इंजिन हे काम ब्रेक न तापवता करते आणि ब्रेक वळणासाठी राखून ठेवता येतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांचा हिशेबही आता चुकतो. आजचे इंजिन गिअरमध्ये उतरताना, अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असेल तर, इंधनपुरवठाच बंद करते, न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहण्यासाठी ते इंधन जाळते.

तिसरा आक्षेप असा की लवकरच क्लच आणि गिअरदांडा दोन्ही जातील. भारतात २०१४ साली सेलेरिओपासून एएमटी मोटारी आल्या. त्यांत गिअरबॉक्स जुन्याच जातीचा, फक्त क्लच आणि दांडा यंत्र हलवते. पण पुढे दोन किलोमीटरचा उतार आहे, हे अशा यंत्राला आधी कळत नाही. म्हणून तर त्यात मॅन्युअल मोड ठेवलेला असतो. तो कधी वापरायचा, हे मात्र कोणी तपासत नाही: परवान्याच्या चाचणीत ‘आठ’ काढून घेतात, रिव्हर्स पाहतात. लांब घाटउतार तिथे नसतो. हुबळीत वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाचे मुख्यालय आहे, धारवाडला टाटांचा बसबांधणीचा कारखाना आहे आणि काही तासांच्या अंतरावर आरबैलसारखा घाट आहे. घाट उतरण्याचे शिक्षण सक्तीचे करायला याहून योग्य शहर शोधावे लागणार नाही. ते होईपर्यंत प्रत्येक चालकाने एवढे तरी पाळावे: उतार सुरू होण्याआधी वेग कमी करून खालचा गिअर टाकावा आणि तळ येईपर्यंत न्यूट्रल करू नये.