कायमच्या रुळांचा इतिहास

रेल्वेत रुळांच्या देखभालीवर असलेल्या अधिकाऱ्याला पूर्वी पी.डब्ल्यू.आय., म्हणजे परमनंट वे इन्स्पेक्टर म्हणत. हा शब्द इंग्लंडातला. तिथले कंत्राटदार मातीकामासाठी आधी तात्पुरते रूळ टाकत आणि काम आटोपलं की ते उचलून कायमचा मार्ग बसवत. या ‘कायमच्या’ मार्गाचे रूळ मात्र झिजतात, स्लीपर बदलावे लागतात, खडी पुन्हा पुन्हा भरावी लागते. घरात छोट्या आगगाडीची कायमस्वरूपी मांडणी उभारणाऱ्यांचा इतिहास वाचताना मला हा शब्द सारखा आठवत राहिला.

सुरुवातीला खेळण्यातली आगगाडी जमिनीवर मांडायची आणि खेळ संपला की पेटीत भरायची, अशीच रीत होती. १८९१ साली जर्मनीतल्या मार्क्लिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाचे, एकमेकांना जोडता येणारे रूळ मांडले. पुढे गाड्या लहान होत गेल्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात १६.५ मिलिमीटर रुंदीचा मार्ग रूढ झाला. जमिनीवरची गाडी टेबलावर आली. टेबलावर आलेली गाडी रोज आवरावी लागत नाही. तिच्याभोवती डोंगर, गाव, पूल उभे करता येतात.

जागेचा हिशेब तरीही सुटत नाही. १:८७ या प्रमाणात खऱ्या मार्गाचा एक किलोमीटर साडेअकरा मीटर भरतो. आपल्याकडच्या नेहमीच्या प्रवासी डब्याची लांबी सुमारे २१ मीटर. या प्रमाणात तो २४ सेंटिमीटरचा होतो. वीस डब्यांची मेल उभी करायला पाच मीटरचा फलाट हवा. एवढी खोली आपल्यापैकी किती जणांकडे आहे? म्हणून आराखडा करणारा आधी काय गाळायचं ते ठरवतो. एखाद-दुसरं स्टेशन दाखवायचं आणि उरलेलं सगळं जग पडद्यामागच्या यार्डात ठेवायचं. तिथून गाडी येते आणि तिथेच परत जाते.

अमेरिकेत फ्रँक एलिसन यांनी या मांडणीकडे नाटक म्हणून पाहिलं. रूळ हा रंगमंच, गाड्या ही पात्रं आणि वेळापत्रक ही संहिता. गाडी नुसती गोल फिरवण्यापेक्षा ती कुठून, कशासाठी, किती वाजता आली याला त्यांनी महत्त्व दिलं. जॉन एहर्न यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस ‘मॅडर व्हॅली’ नावाची काल्पनिक रेल्वे उभारायला घेतली. तिच्यात गाडीइतकंच गावालाही स्थान होतं.

यापुढे तीन मांडण्यांची गत मला एकमेकींशेजारी ठेवून पाहावीशी वाटते.

अमेरिकेत जॉन ॲलन यांनी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या घराच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभारले. पेशाने छायाचित्रकार असल्यामुळे त्यांच्या रेल्वेची चित्रं मासिकांतून जगभर गेली. ६ जानेवारी १९७३ रोजी ते वारले. त्यानंतर दहाच दिवसांत आग लागली आणि जवळजवळ सगळी मांडणी जळाली. ती घराशी इतकी एकजीव होती की घराचं झालं ते तिचं झालं.

पीटर डेनी हे धर्मोपदेशक. त्यांना घरं बदलावी लागत आणि त्यांची ‘बकिंगहॅम’ रेल्वेही त्यांच्याबरोबर हलत असे. एक सिग्नल केबिन चालवायला माणूस नसे, म्हणून त्यांनी तिच्यासाठी यंत्र बनवलं आणि त्याला मुलाचं नाव दिलं. डेनी गेल्यावरही ती रेल्वे दुसऱ्या हातांनी सांभाळली.

एहर्न १९६१ साली गेले. त्यांची मॅडर व्हॅली ऑक्सफर्डजवळच्या पेंडन संग्रहालयात आजही आहे.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं. कोथरूडच्या भाऊ जोशी यांनी आपला छंद आधी प्रदर्शनांतून लोकांपुढे नेला. दर वेळी सगळं सुटं करून नेणं आणि पुन्हा जोडणं किती जिकिरीचं असतं, हे तारांचा गुंता एकदा सोडवलेल्या कुणालाही कळेल. अखेर १९९८ साली कोथरूडमध्ये त्यांचं लघुरेल्वे संग्रहालय कायमचं उभं राहिलं.

हे सगळं वाचल्यावर माझं एक मत बनलं आहे. घरात मांडणीचा आराखडा आखणारे पहिला प्रश्न जागेचा विचारतात. मला वारसाचा प्रश्न पहिला वाटतो. फळ्या सुट्या होतील का? खालच्या प्रत्येक तारेवर खूण आहे का? कुठला खटका कशाचा, हे आपल्याखेरीज आणखी कुणाला ठाऊक आहे का? ॲलन यांच्या कौशल्यात उणं काही नव्हतं. डेनींची रेल्वे मात्र दाराबाहेर काढता येत होती आणि तिला घेणारा कुणी होता. खऱ्या रेल्वेतही गँगमन बदलतात. नवा माणूस हातोडा खांद्यावर टाकून त्याच रुळांवरून चालू लागतो आणि सैल झालेली चावी ठोकून पुढे जातो.