करवंटीतील संसार : बुटक्या सिक्लिड माशांची घरगुती वीण

घरच्या मत्स्यालयात गप्पी किंवा मॉली यांची पिल्ले दिसू लागली तर त्यात नवल नसते. हे मासे थेट पिल्लांना जन्म देतात आणि पुढे त्यांची विचारपूस तर करीत नाहीतच. उलट तावडीत सापडली तर ती गिळून टाकतात. अंडी घालून त्यांची राखण करणारा, पिल्लांचा थवा सोबत घेऊन हिंडणारा मासा पाहायचा असेल, तर सिक्लिड कुळाकडे वळावे लागते. मराठी वाचकाला हे कूळ परके नाही. गोव्यात आवडीने खाल्ला जाणारा काळुंदर याच कुळातला असून तोही आपल्या अंड्यांवर पहारा देतो. सिक्लिडपैकी बरेच मासे आकाराने मोठे आणि भांडखोर असल्याने शहरातील छोट्या घरात मावत नाहीत. ही अडचण बुटके सिक्लिड दूर करतात.

दक्षिण अमेरिकेतील अपिस्टोग्रामा ही बुटक्या सिक्लिडची मोठी प्रजाती. तिच्यात नव्वदहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांपैकी अॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातील अपिस्टोग्रामा ककाटुऑइडिस ही जात नवशिक्यांना सोयीची मानली जाते. नराच्या पाठीवरील पराचे पुढचे काटे काकाकुवाच्या तुऱ्यासारखे उभे राहतात. त्यावरूनच तिला हे नाव मिळाले. नर सुमारे ८ सेंटिमीटर, तर मादी ५ सेंटिमीटरपर्यंत वाढते.

पाणी आणि घर

एका जोडीसाठी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि तितकीच उंच, म्हणजे सुमारे ५४ लिटरची टाकी पुरते. निसर्गात एका नराच्या हद्दीत अनेक माद्या नांदतात. तसा संसार थाटायचा असेल तर टाकी मोठी हवी आणि प्रत्येक मादीला स्वतंत्र गुहा हवी. टाकी भरून लगेच मासे सोडणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया पचविणारे जिवाणू गाळणीत वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर सर्वांत उत्तम. त्यात पिल्ले ओढली जात नाहीत.

पाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी असावे. पीएच ६ ते ७ दरम्यान ठेवावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालविल्याशिवाय ते वापरू नये. कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. त्यात प्रौढ मासे तगतात, पण अंडी वाया जाण्याची शक्यता वाढते. अशा पाण्यात आरओ यंत्राचे पाणी मिसळावे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर सावली देणाऱ्या देशी बदामाची वाळलेली पाने येथे उपयोगी पडतात. त्यांतून पाझरणाऱ्या टॅनिनमुळे पाणी चहाच्या रंगाचे आणि थोडे आम्लधर्मी होते. मात्र कीटकनाशक फवारलेल्या झाडाची पाने घेऊ नयेत.

तळाशी बारीक वाळू, भरपूर पाणवनस्पती आणि गुहेसाठी नारळाची करवंटी किंवा मातीचे बोळके ठेवावे. गुहेचे तोंड मादी जेमतेम आत शिरेल एवढेच ठेवावे.

पिवळी आई

वीण जवळ आली की मादी लिंबासारखी पिवळी होते आणि तिच्या अंगावरील काळ्या खुणा ठळक होतात. गुहेच्या छताला ती अनेक दहांच्या संख्येत लालसर अंडी चिकटवते. त्यानंतर नराला आत थारा नसतो. तो बाहेरची हद्द राखतो आणि मादी परांनी अंड्यांना वारा घालीत बसते. तीन ते चार दिवसांत अंडी फुटतात. पुढचे चार-पाच दिवस पिल्ले पोटातील बलकावर जगतात आणि मग पोहू लागतात.

या काळात बहुतेक हौशी लोकांचा धीर सुटतो. अंडी दिसेनाशी झाली की आईने खाल्ली, असे समजून करवंटी उचलून पाहिली जाते. प्रत्यक्षात नुकतीच फुटलेली पिल्ले मादी तोंडात धरून दुसऱ्या जागी हलवीत असते. करवंटी उचलल्यानेच ती बिथरते आणि मग खरोखर पिल्ले खाते. तरुण मादीच्या पहिल्या एक-दोन विणी अशाही फुकट जातात. तेव्हा जोडी बदलू नये. तिला पुन्हा संधी द्यावी. नराला मात्र जपावे लागते. लहान टाकीत पिवळी मादी त्याला मारून टाकू शकते. त्याचे पर फाटलेले दिसताच त्याला वेगळे करावे.

पोहू लागलेल्या पिल्लांना आर्टेमियाची नुकतीच फुटलेली पिल्ले दिवसातून दोन-तीनदा द्यावीत. लिटरभर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम मीठ घालून, सतत हवा सोडत ठेवल्यास आर्टेमियाची अंडी २४ ते ३६ तासांत फुटतात. उरलेले अन्न काढून थोडे थोडे पाणी नियमित बदलावे.

नर की मादी?

या प्रजातीत पिल्लाचे लिंग ठरण्यात पाण्याच्या तापमानाचाही वाटा असतो. उवे रोमर आणि वोल्फगांग बाइझेनहर्त्स यांनी १९९६ मध्ये अपिस्टोग्रामाच्या अनेक जातींबाबत हे दाखवून दिले. पाणी जितके उबदार, तितके नर अधिक. थंड पाण्यात माद्या अधिक. हा परिणाम जन्माच्या आसपासच्या पहिल्या काही आठवड्यांतच होतो. आपल्याकडे याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. मे महिन्यात खोलीतील पाणी सहज तीस अंशांपर्यंत जाते आणि त्या विणीत नरांचाच भरणा होतो. तुरेबाज नर पाहायला देखणे असले, तरी माद्या नसतील तर ती वंशवेल तिथेच खुंटते. म्हणून वीण पावसाळ्यानंतर घ्यावी, थंडीत हीटर २६ अंशांवर ठेवावा आणि उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावावा.

पिल्ले वाढली की जागेचा प्रश्न उभा राहतो. ती इतर हौशी मंडळींना किंवा दुकानदाराला द्यावीत. तलावात किंवा नदीत कदापि सोडू नयेत. याच कुळातील तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि पुढे अनेक जलाशयांत त्याने स्थानिक माशांची जागा बळकावली. करवंटीतला संसार काचेच्या आतच राहण्यात माशांचे आणि नद्यांचे, दोघांचेही हित आहे.