समुद्राखालची वसई

परवा भाच्याने फोन केला. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात त्याला 'बॅसीन फील्ड' असं नाव सापडलं होतं. "मामा, ही आपलीच वसई का?" मी हो म्हटलं खरं, पण नंतर बराच वेळ तेच डोक्यात राहिलं.

पोर्तुगीजांचं बसाईं, इंग्रजांचं बॅसीन. घरातली म्हातारी माणसं स्टेशनला 'बॅसीन रोड' म्हणायची. जमिनीवरून हे नाव गेलं, समुद्राखाली मात्र राहिलं.

गोष्ट साठच्या दशकातली. 'अकादमिक अर्खांगेल्स्की' हे रशियन जहाज आपल्या पश्चिमेच्या समुद्रात तेलाचा माग काढत फिरत होतं. समुद्राच्या तळाखालचं काही दिसत नाही, म्हणून ऐकायचं. पाण्यात जोराचा धक्का द्यायचा. त्याची लाट खडकांच्या थरांवर आपटून परत येते आणि जहाजामागे ओढत नेलेल्या लांब केबलमधली यंत्रं ती टिपतात. लाट परत यायला किती वेळ लागला, त्यावरून थर किती खोल ते काढायचं. अशा असंख्य नोंदी जोडल्या तेव्हा मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर एक मोठा उंचवटा कागदावर उमटला.

पण प्रतिध्वनी फक्त आकार सांगतो. आत तेल आहे की नुसतं पाणी, ते भोक पाडल्याशिवाय कळत नाही. ते काम जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट'ने केलं. फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागलं. (तोच सागर सम्राट एक रुपयाच्या नोटेच्या मागे आहे, बघा!)

१९७६ साली किनाऱ्याच्या जरा जवळ मोठा वायुसाठा सापडला, त्याला नाव मिळालं बॅसीन. तिथल्या कोट्यवधी वर्षं जुन्या चुनखडीच्या थरालाही भूवैज्ञानिक 'बॅसीन फॉर्मेशन' म्हणतात. सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांनी भरलेला हा दगड. किल्ल्यातला काळा दगड मात्र त्याच्याही आधीच्या लाव्हाचा.

वायू वसईत येत नाही. तो समुद्राखालच्या नळातून हजिऱ्याला जातो आणि पुढे उत्तरेतल्या खत कारखान्यांपर्यंत. देशाचं भलं झालं, यात शंका नाही. पण पावसाळ्यानंतर समुद्र शांत झाला की सर्वेक्षणाची जहाजं येतात, आणि नेमका तोच मासेमारीचा हंगाम. केबल अडकू नये म्हणून त्या पट्ट्यात डोल जाळी लावायची नाहीत. पाचूबंदर, अर्नाळ्याच्या कोळ्यांनी तेव्हा काय खायचं?

तळाखालच्या दगडाचा आवाज ऐकायला आपण इतकी यंत्रं लावली. किनाऱ्यावरच्या माणसाचं ऐकायला एकही लागत नाही.

असो. भाच्याला एवढं सगळं सांगितलं नाही, परीक्षेत हे विचारत नाहीत. म्हणून इथे लिहून ठेवलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरात त्या दिवसांच्या आठवणी असतील तर जरूर कळवा.