परमा: कामठीच्या छावणीपासून आपल्या गावापर्यंत

आज आम्ही ज्या रोगाबद्दल बोलणार आहोत, त्याचं नाव घरात कोणी मोठ्यानं घेत नाही. परमा. संस्कृतातल्या 'प्रमेह' या शब्दाचं हे झिजलेलं रूप. डॉक्टर त्याला गोनोरिया म्हणतात. तो ग्रीक शब्द, आणि त्याचा अर्थ 'बीज वाहणं'. जुन्या वैद्यांना पू दिसला, तो त्यांनी धातू समजला. म्हणजे नावापासूनच चूक झाली. गरमी हा वेगळा रोग आहे, पण शेकडो वर्षं दोन्हींची सरमिसळ होत राहिली.

आपल्या भागात या रोगाचा इतिहास शोधायला फार लांब जावं लागत नाही. भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालं की कामठी जवळच. कन्हान नदीकाठी इंग्रजांनी १८२१ साली तिथं छावणी वसवली. गोऱ्या पलटणींतले शिपाई लढाईत कमी आणि गुप्तरोगानं जास्त खाटेवर पडू लागले, तेव्हा सरकारनं १८६४ साली छावण्यांचा कायदा केला आणि १८६८ साली सांसर्गिक रोगांचा. छावणीजवळ धंदा करणाऱ्या बाईनं नाव नोंदवायचं, ठरलेल्या दिवशी तपासणीला उभं राहायचं आणि रोग दिसला तर बरी होईपर्यंत कोंडून राहायचं. त्या दवाखान्यांना 'लॉक हॉस्पिटल' म्हणत. कामठीलाही असं एक होतं. शिपायाचं नाव मात्र अशा कोणत्याही वहीत चढवायची सक्ती नव्हती.

हे अन्यायाचं होतंच, पण ते उपयोगाचंही नव्हतं. का, ते समजायला रोग शरीरात काय करतो ते पाहावं लागेल.

परम्याचा जंतू माणसाशिवाय दुसऱ्या कोणात राहत नाही. अंगाबाहेर सुकला की मरतो, म्हणून तो संडासातून, कपड्यातून किंवा एका ताटात जेवल्यानं लागत नाही. संबंधाच्या वेळी तो ओल्या, नाजूक अस्तरावर पोचतो आणि केसासारख्या बारीक तंतूंनी तिथं चिकटतो. लघवीची नळी, गर्भाशयाचं तोंड, गुदद्वार, घसा, डोळा, यांतलं कुठलंही अस्तर त्याला चालतं. आपलं रक्त त्याच्याशी लढायला पांढऱ्या पेशी पाठवतं, त्यातून पू होतो. पुरुषाला बहुधा आठवड्याच्या आत लघवीला आग होते, पिवळा पू येतो. त्याला ते कळतं.

बाईचं तसं नाही. जंतू गर्भाशयाच्या तोंडाशी बसतो आणि निम्म्याहून अधिक बायांना काहीच जाणवत नाही. कोणाला अंगावरून जास्त जातं, लघवीला जळजळ होते, मधेच रक्त दिसतं, ओटीपोट दुखतं. रोवणीत दिवसभर वाकल्यावर कंबर-पोट दुखणारच, असं म्हणून आपण ते सोडून देतो. तोवर जंतू वर चढून गर्भनलिका सुजवतो. नळी आतून चिकटली तर मूल राहत नाही, किंवा नळीतच राहतं आणि जिवावर बेततं. मग वांझ म्हणून बोलणी कोणाला बसतात, हे आम्ही सांगायला नको.

आता लॉक हॉस्पिटलकडे परत येऊ. जंतू माहीत नव्हता. तो आल्बर्ट नायसर या जर्मन डॉक्टरनं १८७९ साली शोधला. त्याआधी डोळ्यांनी नुसतं बघून निरोगी बाई कोंडली जाई आणि रोगी बाई सुटे. बरी होऊन गेलेलीला शिपायाकडून पुन्हा लागण होई, कारण परमा एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नसतं. इंग्लंडात जोसेफीन बटलर आणि तिच्या सोबतिणींनी अशा कायद्यांविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. १८८८ साली हिंदुस्थानातला सांसर्गिक रोगांचा कायदा रद्द झाला.

बाळंतपणात हा जंतू बाळाच्या डोळ्यात जातो. पापण्या सुजतात, पू येतो, दृष्टी जाते. लाइपझिगच्या क्रेडे या डॉक्टरनं १८८० च्या सुमारास जन्मताच चांदीच्या क्षाराचा थेंब घालायला सुरुवात केली आणि त्याच्या दवाखान्यात हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून गुप्तरोगांबद्दल उघड लिहिलं, कोर्टाच्या पायऱ्याही चढले. तरी खेड्यातल्या बाईला कोणी विचारलं नव्हतं. ते शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलं. दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या. १९८९ च्या जानेवारीत ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तक्रार होती ५५ टक्क्यांना, आजार निघाला ९२ टक्क्यांना. आधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. हे सगळे परम्याचे रोगी नव्हते, बरेचसे दुसरेच संसर्ग होते. पण ज्या आजाराचा आवाज नाही तो किती घरांत असतो, हे तेव्हा कळलं.

पेनिसिलिन आल्यावर १९४० च्या दशकात परमा सुईनं बरा होऊ लागला. पुढे जंतू त्याला पुरून उरला, मग दुसरी औषधं आली, त्यांतलीही काही निकामी झाली. म्हणून मेडिकलमधून दोन गोळ्या आणून घेणं धोक्याचं. सरकारी जिल्हा रुग्णालयातल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी आणि औषध फुकट मिळतं, नाव गुप्त राहतं. घरून विचारायचं असेल तर १०९७ हा नंबर आहे, त्यालाही पैसे पडत नाहीत. आणि जाताना नवऱ्याला सोबत न्या. एकटीनं औषध घेतलं तर महिनाभरात पुन्हा तिथंच यावं लागेल.