एटीपी, सुब्बाराव आणि तंतुकणिकेच्या घड्या

पेशी ज्या रेणूच्या रूपात आपली ऊर्जा खर्च करते तो एटीपी १९२९ साली दोन ठिकाणी सापडला: जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्क व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. भीमावरमला जन्मलेले सुब्बाराव मद्रासला वैद्यक शिकून तेथे गेले होते. हार्वर्डने त्यांना कायम नेमणूक दिली नाही. तरी फिस्क आणि त्यांनी १९२५ मध्ये शोधलेली, निळ्या रंगाच्या गडदपणावरून फॉस्फेट मोजण्याची रीत पुढे कित्येक दशके जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली. पेशीतील ऊर्जेचा हिशेब त्या निळ्या रंगावरच मांडला गेला. हे ऋण मला एटीपीच्या शोधाहून लहान वाटत नाही.

अन्नाच्या ज्वलनातून एटीपी तंतुकणिकेत तयार होतो, हे शिकागोच्या यूजीन केनेडी व अल्बर्ट लेनिंजर यांनी १९४८-४९ च्या सुमारास दाखवले. सुब्बाराव १९४८ च्या ऑगस्टमध्येच निवर्तले होते. तो तयार होतो कसा, हा प्रश्न मात्र अडून बसला. ज्वलनातील ऊर्जा एटीपीपर्यंत पोहोचवणारा कोणी मधला रेणू असणार, असे गृहीत धरून नामवंत रसायनशास्त्रज्ञ त्याचा माग काढत राहिले. तो सापडेना. शिवाय एक विचित्र गोष्ट पुन्हा पुन्हा दिसे: तंतुकणिकेचे पटल फाटले की ज्वलन चालू राही, पण एटीपी बनणे थांबे.

पटल असते कसे, हे तोवर दिसू लागले होते. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज पॅलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या पटलाच्या घड्या दाखवल्या होत्या. १९६१ साली पीटर मिचेल यांनी सुचवले की मधला रेणू नाहीच. ऊर्जा साठते ती या पटलाच्या दोन बाजूंमधील फरकात. इलेक्ट्रॉन पुढे सोपवताना पटलातील प्रथिने प्रोटॉन बाहेर ढकलतात. पटल त्यांना सहजी परत येऊ देत नाही. धरणाचे पाणी जसे जनित्रातून सुटते, तसे ते एटीपी सिंथेज या प्रथिनातून परततात, आणि ते प्रथिन प्रत्यक्ष फिरून एटीपी घडवते. भिंत फुटली तर पाणी साठणार कसे? घड्यांमुळे लहानशा जागेत पुष्कळ पटल मावते. म्हणूनच अखंड राबणाऱ्या हृदयाच्या स्नायूंत त्या दाटीवाटीने असतात. एटीपी सिंथेजच्या जोड्याही घड्यांच्या कडांवर ओळीने बसून पटलाला वाक देतात, हे पुष्कळ नंतर कळले.

मिचेल यांचे म्हणणे अनेकांना पटले नाही. १९७४ साली एफ्रेम रॅकर व वाल्टर स्टोकेनियस यांनी मेदाच्या सूक्ष्म पोकळ पिशव्या केल्या. त्यांच्या पटलात त्यांनी खारट पाण्यातील सूक्ष्मजीवाचे, प्रकाशावर प्रोटॉन ढकलणारे प्रथिन बसवले, आणि सोबत बैलाच्या हृदयातील एटीपी सिंथेज. या दोन प्रथिनांत प्रोटॉनखेरीज कसलाही दुवा नव्हता. प्रकाश पडला आणि एटीपी तयार झाला. चार वर्षांनी मिचेल यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.