कराड ते कुंभार्ली : बॅटरी नवी, गाडी बंद

दुपारी ४.०० : कराड. मामांच्या जुन्या पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरेना. धक्का मारून ती बॅटरीच्या दुकानात नेली. "बॅटरी गेली," निकाल लगेच लागला. नवी ३५ अँपिअर-अवरची बसवली. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला असता तर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवे होते. कोणी लावला नाही.

५.३० : चिपळूणकडे निघालो. चावी फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागला नाही, आणि ते सगळ्यांना शुभच वाटलं! या जुन्या अल्टरनेटरमध्ये, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या डायनॅमोत, रोटरला पहिला करंट त्या दिव्यातूनच मिळतो. चावी दिल्यावर दिवा पेटायला हवा, इंजिन सुरू झालं की विझायला. पेटलाच नाही म्हणजे कुठेतरी जोड तुटलाय : बल्ब, वायर, नाहीतर रोटरला करंट पोचवणारे कार्बन, म्हणजे ब्रश.

६.४५ : पाटण. धो धो पाऊस. दोन हेडलाइटच नऊ अँपिअर खातात; वर वायपर, ब्लोअर, पेट्रोल पंप, इग्निशन; आणि हे सगळं एकट्या बॅटरीतून, कारण डायनॅमो चार्जच करत नव्हता. चहानंतर सेल्फ मारला, तर तो कण्हत कण्हत फिरला. "चालू गाडीचं टर्मिनल काढून बघा की," टपरीवाला म्हणाला. मामांनी ऐकलं नाही ते बरं. या उद्योगात ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जळू शकतो.

७.३० : कोयनानगर. हेडलाइट पिवळे पडले. वायपर अर्ध्या काचेवर रेंगाळायला लागला. टेप आपोआप गप्प झाला. इथे मुक्काम करता आला असता. "आता घाट तर उतरायचाय," मामा म्हणाले. या वाक्याने किती गाड्या घाटात अडकल्या असतील!

८.०५ : कुंभार्ली घाट. दोन आचके आणि इंजिन बंद. दिवे गेले. इंजिनामागोमाग ब्रेकचा बूस्टरही गेला. एक-दोनदा दाबल्यावर पेडल दगड झालं. हँडब्रेक ओढून मामांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. पार्किंग लाइटपुरतीही वीज उरली नव्हती. मामींनी सगळ्यांना खाली उतरवून गाडीपासून लांब नेलं.

८.१२ : वळणावरून ट्रक आला. ओल्या रस्त्यावर घसरला. डिकी मागच्या सीटपर्यंत आत गेली.

दुसऱ्या दिवशी चिपळूणच्या वायरमनने डायनॅमो खोलला. बेल्ट धड होता, वायरही. कार्बन मात्र झिजून रोटरच्या स्लिप रिंगपर्यंत पोचतच नव्हते. नव्या बॅटरीत काही दोष नव्हता. चार्जवर लावली तर भरली.