मादाम कुद्रेची कापडी बाळंतीण

वर्गात शिकवलेले आपल्या कामाचे आहे, हे सुईणपण शिकणाऱ्या बाईला कधी पटते? अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये एका सुईणीने या प्रश्नाचे उत्तर सुई-दोरा घेऊन दिले.

आंजेलिक द्यु कुद्रे १७४० मध्ये पॅरिसमध्ये रीतसर परवाना मिळवून सुईण झाली. शल्यवैद्य तेव्हा या व्यवसायात शिरू लागले होते आणि सुईणींना शरीरशास्त्र शिकवायला नाखूष होते. आम्हांला शिकवा, असा अर्ज पॅरिसच्या सुईणींनी १७४५ च्या सुमारास वैद्यकशाखेकडे केला. अर्ज करणाऱ्यांत ही बाई होती.

पुढे ती ओव्हेर्न्य या डोंगराळ प्रांतात गेली. तिथल्या शेतकरी बायकांना अक्षरओळख नव्हती. त्यांची बोली ऑक्सितान, पुस्तके फ्रेंच. दोन भाषांच्या मुलखात वाढलेल्या आपल्या वाचकांना ही अडचण उलगडून सांगायला नको! ‘कटिभाग’ हा शब्द घोकून घेतला, तरी अडलेल्या बाळंतिणीपाशी त्याचा काय उपयोग?

तेव्हा तिने धडा हाताला लागेल असा करायचे ठरवले. कापड, चामडे आणि कापूस यांचा स्त्रीदेहाचा खालचा भाग शिवला. सोबत कापडी मूल, नाळ, वार आणि जुळीसुद्धा. पायाळू मूल कसे ओळखायचे, आडवे आलेले आत हात घालून कसे फिरवायचे, हे प्रत्येकीने स्वतः करायचे. चूक झाली तर पुन्हा करायचे. इथे कुणाचा जीव जात नव्हता. चांगल्या प्रयोगशाळेचे याहून मोठे लक्षण मला तरी माहीत नाही. तिची एक बाहुली फ्रान्समधील रूआँच्या संग्रहालयात आहे. तिची क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा कापडाच्या आत एका तरुण स्त्रीच्या कटिभागाची खरी हाडे दिसली.

१७५८ मध्ये शल्यवैद्यांच्या अकादमीने या ‘यंत्रा’ला मान्यता दिली. १७५९ मध्ये तिचे पाठ्यपुस्तक निघाले आणि त्याच वर्षी पंधराव्या लुईने तिला देशभर शिकवण्याचा अधिकार दिला. त्यानंतर १७८३ पर्यंत ती गावोगाव हिंडली. एकेक वर्ग साधारण दोन महिन्यांचा. तिच्या हाताखाली शिकलेल्या बायका पाच हजारांच्या घरात असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तिने शल्यवैद्यांनाही हे यंत्र चालवायला शिकवले. ज्यांच्या बिरादरीकडे एकेकाळी शिक्षण मागावे लागले, ते आता तिच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसले.

गावठी सुईणींविषयी मात्र तिने अवहेलनेने लिहिले आहे, ते मला पटत नाही. त्यांच्या हातांनाही अनुभव होताच. शिवाय बऱ्याच ठिकाणी शिकून परतलेल्या तरुण सुईणीला लोक दारात घेत नसत. बोलावणे जाई ते जुन्या म्हातारीलाच. दोन महिन्यांत हात तयार होतो, गावाचा विश्वास तयार होत नाही.

मादाम कुद्रे १७९४ मध्ये बोर्दो शहरात वारली. तिथली सुईणींची शाळा तिची भाची चालवीत होती, अर्थात कापडी बाहुलीसह.